पैलवानाचे कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या श्रद्धांजलीच्या पानावर माझ्या एका मित्राच्या प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात आली. दोन कॉलमची चौकट, वर फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून तीन पिढ्यांची नावे. नाव बरोबर, गाव बरोबर, तिथीही बरोबर. फोटो मात्र त्याचा नव्हता. म्हणजे होता आणि नव्हता. फेटा त्याचाच. मिश्या साधारण त्याच्याच, पण केस न् केस मोजून बसवलेले. कपाळ कुणा बँक मॅनेजरचे. आणि कान दोन्ही नवे कोरे, दुकानातून आणल्यासारखे.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना कानांचे एवढे काय, असे वाटेल. माझा मित्र पैलवान होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून तालमीत. लाल मातीत डोके घासून, कानावर मुसंडी बसून कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साकळते, ते घट्ट होते आणि कानाचा आकार कायमचा मोडतो. आमच्याकडे असे मोडलेले कान म्हणजे पदक. ते गळ्यात घालून मिरवावे लागत नाही आणि काढूनही ठेवता येत नाही. खासबागेत कुस्त्यांचे मैदान बघायला बसलेल्या गर्दीत एकेकाळी कोण लढलेला आणि कोण नुसता बघ्या, हे लोक कान बघून सांगत. माझ्या मित्राचा उजवा कान तर पार मिटलेला, सुकलेल्या आंब्याच्या कोयीसारखा. त्या कानात बोललेले त्याला ऐकू यायचे नाही. मुलीकडच्यांनी लग्नाआधी या कानावरूनच शंका काढली होती, ही गोष्ट तो स्वतः रंगवून सांगायचा.

त्या दिवशी सकाळी साडेसातला वहिनींचा फोन आला. "भावजी, पेपरात ह्यो कोण छापलाय ओ?" मी गेलो. त्या रडत नव्हत्या, संतापलेल्या होत्या. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काका, फोटो लई बारका हुता. जाहिरातवाल्यानं क्लिअर करून घेतला."

मी या धंद्यातला. १९७३ साली, मॅट्रिक झाल्यावर, महाद्वार रोडजवळच्या एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो आणि पुढे रिटचर झालो. रिटचर हा शब्दही आता कुणाला कळत नाही म्हणून थोडे सांगतो. तेव्हा फोटोतली सुधारणा फोटोवर नाही, निगेटिव्हवर करायची. उताराचे लाकडी डेस्क, त्यात दुधी काच, मागून उजेड. निगेटिव्हच्या मसाल्याच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराच्या, बाजूला आधी पातळ रोगणाचा हात फिरवायचा, म्हणजे शिसे धरते. मग पॉलिशपेपरवर सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन बारीक बारीक ठिपके आणि स्वल्पविराम. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची सुरकुती तिथे पारदर्शक रेघ दिसते, ती शिशाने भरली की छापताना उजळते. काही गडद करायचे असेल तर ब्लेडच्या टोकाने मसाला खरवडायचा. एक खरवडा जास्त झाला की निगेटिव्ह गेली आणि मालकांचा हात आपल्या पाठीवर आला.

म्हणजे 'आमच्या काळी फोटो खरा होता' असले काही मी लिहिणार नाही. मी स्वतः शेकडो नवऱ्यामुलींच्या देवीच्या वणांवर पेन्सिल चालवली आहे. स्टुडिओत एकच कोट होता, तो निम्म्या पंचक्रोशीने अंगावर घालून फोटो काढला. मुंबईला गिरणीत असलेला भाऊ कात्री-डिंक लावून घरच्यांच्या शेजारी उभा केला आहे. आणि सांगायलाच हवे असे एक काम मी केले आहे. मयताचे डोळे उघडण्याचे.

तेव्हा खेड्यातल्या कित्येक बायकांचा जन्मात एकही फोटो नसे. म्हातारी गेली की मुलगे सायकलवरून स्टुडिओत येत. मालक यशिका कॅमेरा घेऊन जात, म्हातारीला भिंतीला टेकवून बसवत, दोन फोटो घेत. डोळे मिटलेलेच असणार. मग ब्रोमाइड कागदावर मोठी प्रिंट काढायची, शून्य नंबरच्या ब्रशने त्यावर उघडे डोळे रंगवायचे आणि त्या रंगवलेल्या प्रिंटचा पुन्हा फोटो घ्यायचा. भिंतीवर लागतो तो हा शेवटचा. १९७९ च्या सुमाराला करवीर तालुक्यातल्या एका घरासाठी मी असे डोळे काढले. आधी घरच्यांना विचारले, डोळे कुणासारखे? सगळ्यांनी थोरल्या मुलीकडे बोट दाखवले. तिला स्टुडिओत बोलावून खिडकीपाशी बसवले आणि तिचे डोळे बघून आईचे काढले. ती दोन तास हललीसुद्धा नाही.

मालकांची एक शिस्त होती. असल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचे. 'डोळे हाताने.' 'कोट स्टुडिओचा.' 'उजवीकडचा इसम जोडलेला.' तारीख आणि सही. गिऱ्हाइकाला ते दाखवायचे आणि मगच फ्रेमवाल्याकडे द्यायचे. मला तेव्हा ही कटकट वाटे. एकदा मी तसे म्हटलेही. मालकांनी उत्तर दिले नाही, पुढची प्रिंट माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "लिही."

त्या म्हातारीची नातवंडे आता चाळिशीत असतील. फ्रेमच्या मागे कुणी बघितले असेल का? नसेल बहुतेक. इथे माझी बाजू लंगडी पडते, कबूल. पण बघायचे ठरवले तर बघता येईल, लिहिलेले तिथे आहे.

पुढे कॉम्प्युटर आला. २००० साली स्टुडिओत फोटोशॉपची साडेपाचवी आवृत्ती आली. सीडी कुठून आली ते विचारू नका, अख्ख्या गल्लीत तीच फिरत होती. (पापक्षालन म्हणून आता मी जिंप ही प्रणाली वापरतो. ती फुकट आहे आणि तिचा परवानाच 'वाटा' म्हणतो. २०२५ च्या मार्चमध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, तीत फिल्टर मूळ चित्राला धक्का न लावता वेगळा ठेवता येतो आणि मागाहून बदलता येतो. हे मला पन्नास वर्षांपूर्वी हवे होते.) पेन्सिल जाऊन क्लोन स्टॅम्प आला. फोटोतल्याच एका जागचा तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या जागी ठेवायचा. २००२ च्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला, तो तुकडा ठेवतो आणि आजूबाजूचा उजेड बघून मिसळूनही देतो. पहिल्या दिवशी मी तोंडात बोट घालून बसलो. तासाचे काम पाच मिनिटांवर आले होते. तरी दोन्हींत एक गोष्ट जुन्यासारखीच होती. जे भरायचे ते त्याच फोटोतून यायचे. गालाला गालाचीच कातडी.

याची खरी परीक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४३. पाणी उतरल्यावर चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंतची माणसे गोण्यांत भरून अल्बम घेऊन येऊ लागली. भांडी धुऊन वापरता येतात, गाद्या सरकारी मदतीतून येतात, अल्बमचे काय करायचे हे कुणालाच कळत नव्हते. ओल्या फोटोचा मसाला फुगून लिबलिबीत होतो, पाने एकमेकांना धरतात. लोकांनी ती उन्हात टाकली होती, म्हणजे सत्यानाश. मी गच्चीवर सावलीत मच्छरदाणी ताणून बांधली. चिकटलेली पाने स्वच्छ गार पाण्याच्या टबात सोडायची, आपोआप सुटतील तेवढी सुटू द्यायची आणि चित्र वर करून मच्छरदाणीवर पसरायची. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. वाचकांनी हे कापून ठेवावे. नदी काही बदली होऊन गेलेली नाही, २०२१ ला ती पुन्हा आलीच.

त्यात एका बाईंचा लग्नाचा एकुलता एक फोटो होता. नवऱ्याचा अर्धा चेहरा वाहून गेलेला, नवरा त्याआधीच गेलेला. मी म्हटले, त्यांचे जे असेल ते आणा. मतदान ओळखपत्र, एसटीचा पास, मेव्हण्याच्या लग्नातल्या घोळक्याचा फोटो असे सगळे आले. डावा गाल घोळक्यातून घेतला, भुवई पासावरून. बाई रोज येऊन शेजारी बसायच्या. "हनुवटी एवढी टोकदार नव्हती" म्हणाल्या की मी मागे घ्यायचो. अकरा दिवस लागले. डावा हात मात्र कुठल्याच फोटोत मिळाला नाही. तो आजही त्या फोटोत धुरकट आहे, आणि बाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

आता ज्याला मुलगा 'क्लिअर करणे' म्हणतो, ते काय असते? ॲपचे नाव मी घेत नाही, तशी ढीगभर आहेत. पुण्यात संगणक शिकणाऱ्या नातवाला मी विचारले, "अरे, हा कान आला कुठून?" त्याने सांगितले ते असे. या जातीच्या काही प्रणालींची आतली रचना उघड प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये आलेली जीएफपीगॅन ही त्यांतली एक. तिला चेहरा शिकवला तो एन्व्हीडिया कंपनीच्या संशोधकांनी फ्लिकर या संकेतस्थळावरून जमवलेल्या ७० हजार चेहऱ्यांवरून. धूसर फोटो दिला की ती त्यात दडलेले काही 'शोधून' काढत नाही. नसलेले दिसणार कुठून? ती या शिकलेल्या चेहऱ्यांच्या भरवशावर ठरवते की असा डाग दिसतो तिथे साधारणपणे कान कसा असतो, आणि तसा कान काढून देते. साधारणपणे! त्या ७० हजारांत लाल मातीत घासलेले कान किती असतील? मशीनला मोडलेला कान म्हणजे फोटोतला दोष वाटला असेल, तर मशीनचे काय चुकले?

नातू म्हणाला, "आबा, तुम्ही पण डोळे काढलेच की." पोरगा हुशार आहे. दोन दिवस मला उत्तर सुचेना. मग सुचले. मी जिचे डोळे बघून काढले ती बाई माझ्यासमोर बसली होती आणि मी काय करतो आहे ते तिला दिसत होते. इथे बटण दाबणाऱ्यालाही ठाऊक नसते की कान बदलला. जाहिरातवाल्याने मूळ कान बघितलाच नव्हता, मुलाने मोबाइलच्या बोटभर पडद्यावर 'मस्त' म्हणून अंगठा दाखवला आणि आपल्या कार्यालयात ती फाइल पुढे सरकली. चार माणसांच्या हातांतून फोटो गेला आणि बदल कुणीच केला नाही. पाठीवर लिहिणार कोण?

आणि यातली चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. ही सगळी उठाठेव गरजेचीच नव्हती. मूळ फोटो भिंतीवरच्या फ्रेममध्ये व्यवस्थित होता. मुलाने फ्रेम न उतरवता मोबाइलने फोटो काढला, काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा आला, तो नेमका उजव्या कानावर. ते त्याने व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवले. चुलतभावाने त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट जाहिरातवाल्याला पाठवला. जाहिरातवाल्याला तो 'लो क्वालिटी' वाटला. आता हिशेब बघा. छापलेला फोटो मी पट्टीने मोजला, रुंदी चार सेंटिमीटर. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला दोनशे ठिपके पुरे होतात, त्याहून जास्त दिले तरी शाई पसरून सगळे एक होते. म्हणजे आडवे सव्वातीनशे ठिपके असले की काम भागते. तेवढे त्या गचाळ स्क्रीनशॉटमध्येही असणारच. थोडा धूसर आला असता, पण माझा मित्र आला असता.

मी या साधनांच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. धाकटी नात एलिमेंटरीची परीक्षा देऊन आता टॅब्लेटवर क्रिटा या चित्रे काढायच्या प्रणालीत स्केचिंग करते. तिच्या रेषेत दम आहे. त्या क्रिटात रेघ स्थिर करण्याची सोय आहे, हात थरथरला तरी रेघ वाहती येते. ती पोरांसाठी असेल, पण वापरतो मी. साठीनंतर ज्या हाताने पेन्सिलीचे ठिपके देता येईनात, तो हात आता पुन्हा डोळ्याच्या कडेची रेघ ओढतो. फोटोवरचे ओरखडे, बुरशीचे ठिपके ओळखून काढणारी नवी साधने तर मी हात जोडून घेतो. ओरखडा माणसाचा नसतो, फोटोचा असतो. कान माणसाचा असतो. माझी सगळी अक्कल एवढ्यावर येऊन थांबते.

बातमीतल्या फोटोंबाबत वृत्तसंस्था किती कडक असतात ते आपणास मी सांगायला नको. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, फोटोशॉप जन्मायच्या आठ वर्षे आधी. त्याबद्दल अजून त्यांना ऐकून घ्यावे लागते. २००६ मध्ये बैरूतच्या एका फोटोत क्लोन स्टॅम्पने धूर वाढवल्याचे उघड झाले, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे सगळे म्हणजे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. धुरासाठी ९२० फोटो! आपल्या दैनिकातही बातमीच्या फोटोला असा काही नियम असेलच. मग श्रद्धांजलीच्या पानालाच का नसावा? ते पैसे घेऊन छापलेले पान आहे हे मान्य. पण माणसाचा शेवटचा छापील फोटो तो, कात्रण करून लोक पाकिटात ठेवतात, पुढे तोच मोठा करून फ्रेम होतो. वीस वर्षांनी त्या घरातली पोरे म्हणतील, आजोबा पैलवान होते म्हणतात, कानांवरून तर वाटत नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला, कृत्रिमरीत्या बनवलेल्या चित्रांवर ठळक खूण असावी म्हणून, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये दुरुस्ती लागूही केली. त्याचा रोख समाजमाध्यमांवर आहे. फाइलच्या पोटात बदलांची नोंद ठेवण्याची पद्धतही आली आहे, अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी २०२१ मध्ये त्यासाठी एकत्र येऊन मापदंड ठरवायला घेतला. चांगलेच आहे. पण छापलेल्या कागदावर फाइलचे पोट दिसत नाही, आणि वर्तमानपत्रातल्या फोटोच्या पाठीवर तर भलतीच जाहिरात असते. तेव्हा आपणास विनंती अशी, की जाहिरात स्वीकारण्याच्या अर्जावर फक्त एक ओळ वाढवा. 'फोटोतील चेहऱ्यात बदल केला आहे काय? असल्यास मूळ फोटो जोडावा.' ज्यांना बदललेलाच हवा आहे त्यांचा जरूर छापा, कोपऱ्यात 'सुधारित' असे बारीक टाइपात टाका. आणि जाहिरातदारांना सांगा, फ्रेम भिंतीवरून उतरवा, काच काढता आली तर काढा, दाराजवळच्या उजेडात नेऊन फोटो घ्या आणि व्हॉट्सॲपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. पासपोर्ट आकाराचाच असेल तर पेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपक्यांवर, स्कॅन होतो.

वहिनींचे म्हणणे होते, कोर्टात जायचे. मी म्हटले, आधी माझी माळ्यावरची खोकी बघू. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांच्या मुलाने निगेटिव्ह भंगारात काढल्या होत्या, त्यातल्या जमल्या तेवढ्या मी उचलून आणल्या. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या, बटरपेपरच्या पाकिटात, वर वर्ष. चार रात्री गेल्या. १९८१ च्या खोक्यात तो सापडला, लांग घातलेला, एक हात कमरेवर, मान थोडी डावीकडे. उजवा कान पूर्ण उजेडात. तेव्हा मी डेस्कवर बसून त्या कानाकडे किती वेळ बघत होतो ते आठवले. मालक मागून म्हणाले होते, "तिथं पेन्सिल लावलीस तर तो तुला उचलून आपटंल."

निगेटिव्ह उजेडात धरून बघितली, कानावर शिशाचा एक ठिपका नाही. ती स्कॅन करून वहिनींना नेऊन दिली. कोर्टाचे त्यांनी पुन्हा काढले नाही.

येत्या वर्षी द्वितीय पुण्यस्मरणाची जाहिरात याच पानावर द्यायचे घरात ठरले आहे. मुलाच्या संमतीने फोटो आत्ताच सोबत जोडत आहे. टिफ फाइल, ६०० डीपीआय, धुळीचे चार ठिपके काढले आहेत, बाकी जसाच्या तसा. कृपया कानांना हात लावू नये.

आपला,
एक जुना रिटचर
शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयास कळवला आहे.)